दुबईची कंपनी न्हावा शेव्याला का आली?



परिसर अभ्यासाच्या तासाला बंदराचा विषय निघाला. ट्रेलर चालवणाऱ्या एका बाबांच्या मुलाने विचारलं, "बाई, बंदर आपलं, मग दुबईची कंपनी तिथे कशी?" प्रश्न चौथीतला, पण परीक्षा माझीच झाली!

मी आधी वस्तू आणि सेवा यांतला फरक सांगितला. खेळणं चीनमध्ये बनवून पनवेलच्या बाजारात विकता येतं. केस कापायला मात्र माणूस इथेच लागतो. जहाजातून कंटेनर उतरवणं हीसुद्धा अशीच सेवा आहे. क्रेन न्हावा शेव्यालाच उभी राहणार. म्हणून कंपनीलाच पैसा घेऊन इथे यावं लागतं. हीच थेट परकीय गुंतवणूक.

आपलं बंदर १९८९ साली सुरू झालं. १९९७ मध्ये एका टर्मिनलसाठी पी अँड ओ कंपनीशी करार झाला. तिची बंदरं २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेली. २०१८ पासून सिंगापूरच्या पीएसएचंही टर्मिनल इथे आहे.

मग अंतराचं काय? नकाशावर दुबई साधारण १९०० किमी, सिंगापूर ३९०० किमी. पण लांबून कारभार पाहायचा तर किलोमीटरइतकीच वेळ, भाषा आणि कायदाही महत्त्वाचा. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सिंगापूरचं अडीच तास पुढे, म्हणजे ऑफिसच्या वेळा बऱ्याच जुळतात. व्यवहाराची इंग्रजी तिन्हीकडे चालते. कॉल सेंटरचं उलट असतं. ती सेवा फोनवरून पोचते, आणि अमेरिकेत दिवस असताना आपल्याकडे रात्र असते, तेव्हा अंतरच कामाला येतं.

आता थोडं आपल्याबद्दल. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, पाच जणांचे प्राण गेले. जासईहून बंदर हाकेच्या अंतरावर. पण तिथल्या चांगल्या नोकरीचं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते कौशल्य, संगणक आणि भाषेचं आहे. दुबईने आपलं अंतर पार केलं, आपल्या मुलांचं कमी करायचं काम आपल्याकडे आहे.

उपक्रम: घरात वापरल्या जाणाऱ्या पाच सेवा मुलांना लिहायला सांगा. कोणती फोनवरून मिळते? कोणत्या सेवेला माणूस दारात यावा लागतो? उत्तरं ऐका, गंमत वाटेल!