निळीसाठी पाठवलेली पेटी

भिलाई



पिवळीनं निळीला टोचलं म्हणून काल रात्री फोनवर तू इतकी रडत होतीस की मी दोनच गोष्टी सांगितल्या आणि फोन ठेवायला लावला. निळीला पिंजऱ्यातून काढून वेगळ्या खोक्यात ठेव आणि खोकं उबेला ठेव. आज सकाळी ती दाणे टिपायला लागल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. शेजारच्या काकू हळद-तेल लाव म्हणत असताना तू लावलं नाहीस, हे तर फारच बरं केलंस. आता मन थाऱ्यावर आलं असेल, म्हणून सगळं नीट लिहिते. पुन्हा अशी वेळ आली तर फोन लागेलच असं नाही.

सकाळीच सिविक सेंटरला जाऊन थोडं थोडं सामान घेतलं. तुझे बाबा उद्या दुर्गला येणार आहेत, त्यांच्याबरोबर ही पेटी पाठवते. गॉजची पाकिटं, सलाईनची छोटी बाटली, बीटाडीन, कॉर्नफ्लोअरची डबी, मऊ सुती नॅपकिन, खोलीतलं तापमान दाखवणारं थर्मामीटर आणि एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, एवढंच आत आहे. तुला वाटेल औषध कुठे आहे? औषध मुद्दामच ठेवलेलं नाही. जखमी पक्ष्याला घरात आपण जे द्यायचं ते म्हणजे अंधार, ऊब, शांतता आणि रक्त थांबवणं. बाकीचं काम डॉक्टरांचं. प्रेमापोटी आपले हात सारखे त्याच्याकडे जातात, कुरवाळतात, काहीतरी चोपडतात, चोच उघडून पाणी घालतात. जखमेतून वाचलेला पक्षी कित्येकदा या सेवेनं दगावतो. तेव्हा हात आवरणं हे पहिलं शिक.

आधी रक्ताचं. निळीसारखी बजी, म्हणजे बजरीगर, भरते जेमतेम ३० ते ४० ग्रॅमची. तिच्या अंगातलं सगळं रक्त वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे ३-४ मिलिलिटर. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही. सात-आठ थेंब गेले तर धडधाकट पक्षी सावरतो, वीस-पंचवीस गेले तर जिवावर बेततं. म्हणून "थोडंसंच रक्त आलं होतं" असं कधी म्हणू नकोस. कागदावर किती थेंब पडले ते मोज आणि डॉक्टरांना तोच आकडा सांग.

रक्त वाहत असेल तर गॉजची घडी जखमेवर ठेवून दोन-तीन मिनिटं हलका, सलग दाब द्यायचा. मध्येच उचलून बघायचं नाही, धरू लागलेली खपली त्यानं निघते. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. नखाचं किंवा चोचीचं टोक तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट तिथे दाबून धर. ही पूड फक्त नखाला आणि चोचीच्या टोकाला. मांस उघडं पडलेल्या जखमेत पीठ भरायचं नाही.

पेटीत चिमटाही नाही, त्याचं कारण सांगते. नवं पीस उगवत असताना त्याच्या दांड्यात रक्त खेळत असतं. दांडा काळपट-जांभळा दिसतो. भांडणात असं पीस मोडलं की फुटक्या नळासारखं वाहत राहतं. ते मुळापासून उपटलं की रक्त थांबतं असं तुला कोणीतरी सांगेल आणि ते खोटंही नाही. पण पंखाचं पीस थेट हाडाला धरून असतं. नवख्या हातानं ओढलं तर हाड मोडतं, कातडी फाटते. तू फक्त दाबून धर आणि दवाखान्याची वाट धर.

धरायचं कसं, हेही आत्ताच शिकून ठेव. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. नाक-तोंड मोकळं असलं तरी छाती आवळली गेली की तो गुदमरतो, आणि घाबरलेलं माणूस नेमकं छातीलाच आवळतं. नॅपकिन अंगावर टाकून पाठीकडून उचल. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये सैल ठेव, बाकीचा तळवा नुसता पाळण्यासारखा. चोच उघडून धापा टाकायला लागली तर काम अर्धं असलं तरी लगेच खोक्यात सोड. दहा मिनिटांनी पुन्हा बघता येतं.

जखम धुवायची ती सलाईननं. नुसती धार सोडायची, चोळायचं नाही. बीटाडीन लावायचंच झालं तर पाण्यात इतकं पातळ कर की फिक्या चहाचा रंग येईल. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको. हळद-तेल, तूप, व्हॅसलीन किंवा कुठलंही तेलकट मलम का नको, ते नीट समजून घे. पिसं ही पक्ष्याची रजई. तेलानं ती चिकटली की ऊब धरून ठेवत नाहीत. त्याच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, ते टिकवण्यातच उरलेली ताकद जाते. शिवाय तो पिसं साफ करायला चोच फिरवतो आणि लावलेलं सगळं पोटात जातं. बधिर करणारी मलमंसुद्धा याच कारणानं धोक्याची.

आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळीचा तर विचारही करू नकोस. डायक्लोफेनॅक ठाऊक आहे ना, गुडघे दुखले की आपण गोळी घेतो, जेल चोळतो तेच. ते टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडंच्या गिधाडं मेली. २००४ साली कारण सापडलं, २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. त्याऐवजी गिधाडांना निर्धोक ठरलेलं मेलॉक्सिकॅम पक्ष्यांचे डॉक्टरही वापरतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती त्यांनीच ठरवायची. घरात उरलेल्या अँटिबायोटिकची पूड पाण्याच्या वाटीत मिसळायची दुकानदारांची सवयही सोडून दे. रंग-चव बदलली की पक्षी पाणीच सोडतो आणि पोटात किती औषध गेलं याचा काही ठाव लागत नाही.

आता खोकं. भोकं पाडलेलं बुटाचं खोकं चालेल. तळाला साधा कागद किंवा नॅपकिन, बसायची काठी नको, नाहीतर अशक्त पक्षी वरून पडतो. दाणे जमिनीवरच पसर, कांगणी आवडती असते ती आधी. पाणी उथळ झाकणात. चोच उघडून पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. आत ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, म्हणून थर्मामीटर दिलंय. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे उकडलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. पंख अंगापासून लांब धरून धापा टाकते म्हणजे जास्त तापलं. पिसं फुगवून गोळा झाली म्हणजे थंडी वाजतेय. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलंच गारठतं, तेव्हा बाटली लागतेच. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बाटली नको, उलट खोकं घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हवं आणि कूलरचा झोत अंगावर नको.

ऊब मिळावी म्हणून खोकं स्वयंपाकघरात नेऊ नकोस. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो.

पाय किंवा पंख मोडला असेल तर काडी बांधायची नाही. पंख लोंबतोय किंवा पाय टेकवत नाही असं दिसलं की लहान खोक्यात ठेवून हालचाल कमी कर आणि नेलंच पाहिजे असं समज. लहान पक्ष्याचं हाड तीनेक आठवड्यांत सांधतं, म्हणजे वाकडं असेल तर तितक्याच लवकर वाकडंही जुळतं. डोळ्याला मार असेल, चोचीला चीर गेली असेल, डोक्यावर चावा असेल, कातडीखालचं मांस दिसत असेल, तर "उद्या बघू" नाही. आणि मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी चांगला दिसणारा पक्षी दोन दिवसांत जातो.

अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या राजनांदगावहून दुर्गला येताना वाटेवरच लागतं, तिथे नेता येईल. निघण्याआधी फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचार. गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, पक्ष्यांवर हात बसलेले थोडे. जाताना खोकं कापडानं झाकलेलं, गाडीत गाणी बंद.

काटा कशाला, हे आता लिहिते, कारण तो रोज लागणार आहे. पक्षी आजार लपवतो. रानात अशक्त दिसला की शिकारी त्यालाच उचलतो, त्यामुळे अगदी टेकीला येईपर्यंत तो ताठ बसतो, दाणे सोलल्यासारखी चोच हलवतो. सोललेल्या टरफलांवरून तू फसशील, वजनावरून फसणार नाहीस. रोज सकाळी दाणे घालण्याआधी छोट्या डबीत बसवून वजन कर आणि वहीत लिही. ३५ ग्रॅमची निळी ३२ च्या खाली आली तर ती खाण्याचं नाटक करतेय असं समज. शेपूट श्वासाबरोबर वर-खाली होणं, डोळे मिटून जमिनीवर बसणं, विष्ठा फार कमी किंवा गडद हिरवी होणं, हेही बघत जा. तिला हात लावल्यावर साबणानं हात धू.

पिवळीवर रागावू नकोस. "ती दुष्ट आहे, कोणाला तरी देऊन टाकते," असं तू म्हणालीस. दोघींच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी तपकिरी आहे असं तूच सांगितलंस, म्हणजे दोघी माद्या. आणि गेल्या आठवड्यात तू पिंजऱ्यात घरट्यासाठी एक मटकी टांगलीस. एका मटकीवर दोन माद्या म्हटल्यावर हे होणारच होतं. बज्या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, थव्याथव्यानं पाण्यामागे हिंडणाऱ्या. तिथेही ढोलीवरून माद्या भांडतात, पण हरलेली उडून जाते आणि भांडण तिथेच संपतं. पिंजऱ्यात उडून जायला जागा कुठे? पळता न आलेल्या पक्ष्याला दुसरा पक्षी टोचतच राहतो. पायाची बोटं आणि चोचीच्या वरची कातडी याच दोन जागा सहसा सापडतात, निळीला लागलंय तेही तिथेच.

तेव्हा मटकी आजच काढ. पिल्लं हवी असतील तेव्हा जोडी वेगळ्या पिंजऱ्यात. खाण्याच्या वाट्या दोन आणि दोन टोकांना. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असलेला बरा, बजी आडवी उडते. आणि दुकानात "लव्हबर्ड" म्हणून बज्याच विकतात, पण खरा आफ्रिकेचा लव्हबर्ड वेगळा, त्याची चोच जाड आणि चावा जबर. तो बज्यांबरोबर कधीच ठेवायचा नाही. बजीचं अख्खं बोट तोडलेलं मी पाहिलंय.

निळी बरी झाली म्हणून लगेच पिवळीबरोबर टाकू नकोस. खपली पडून नवी कातडी येऊ दे, वजन आठवडाभर स्थिर राहू दे. तोवर दोन पिंजरे शेजारी-शेजारी, चोच पोचणार नाही इतक्या अंतरावर. मग आतल्या काठ्या-वाट्यांच्या जागा बदलून दोघींना एकाच वेळी सोड, म्हणजे कुठलाच कोपरा कोणाचा आधीपासूनचा नसेल. ती सकाळ सुट्टीची निवड, कारण पहिले काही तास घरात माणूस हवं. पिवळी पाठलाग करून टोचायला लागली तर त्या दोघी एकत्र राहणार नाहीत असं मान्य कर. दोन पिंजरे ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

तू त्या खालच्या घरातल्या मिठूबद्दलही विचारलं होतंस, त्याच्या पंखाला लागलंय म्हणून. प्रथमोपचार हाच, अंधार आणि ऊब. पण आपला देशी पोपट पाळणं किंवा विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, लाल मुनियाचंही तेच. त्यांना घाबरवू नकोस, पण वन विभागाला कळवून पक्षी उपचारासाठी सोपवावा हे स्पष्ट सांग. तू लहान आहेस म्हणून ऐकणार नाहीत असं वाटलं तर मला फोन लावून दे, मी बोलते.

बाबांना सांग, काटा उलटा ठेवायचा नाही, बिघडतो. उद्या पेटी पोचली की आधी निळीचं वजन कर आणि आकडा मला कळव, पायाच्या बोटाचा उजेडात काढलेला फोटोही पाठव. बोट काळं पडत असेल किंवा गार लागत असेल तर पत्र पुढे वाचत बसू नकोस, सरळ अंजोऱ्याला निघा. सलाईनची बाटली एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी