मोतीबिंदू परत येतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गडमुडशिंगीतल्याच एक मावशी मुलाचा हात धरून दवाखान्यात आल्या. वय सत्तरच्या घरात. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवले होते. बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टर, मोतीबिंदू परत आला बघा. पैसं वाया गेलं."

या मावशी सहा महिन्यांपूर्वीही माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. धूसर दिसते, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो, अशी तक्रार होती. मी घाईत होतो. "चष्म्याचा नंबर बदलला असेल," असे सांगून त्यांना चष्म्याच्या दुकानात पाठवले. चष्मा बदलला, पैसे गेले, नजर तशीच राहिली. मधल्या काळात त्या पायरीवरून पडल्या आणि मनगट मोडले. चूक माझी होती, म्हणूनच हा विषय आज घेतला आहे.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एकदा काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. मग धूसर का होते? आपल्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असते. हापूस आंब्याच्या सालीला वरून गोल छेद द्यावा, आतला गर काढावा आणि बाकीची साल तशीच ठेवावी, तशी ही शस्त्रक्रिया होते. त्या रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. भिंगाला आधार म्हणून पिशवीची मागची भिंत मुद्दाम राखलेली असते. पिशवीच्या कडेला काही सूक्ष्म पेशी चिकटून राहतात. त्या हळूहळू वाढत मागच्या भिंतीवर पसरतात आणि स्वच्छ काचेवर वाफ धरावी तशी ती भिंत गढूळ होते. भिंग चांगलेच असते, त्यामागचा पडदा मळतो. बोलीभाषेत याला 'जाळी आली' म्हणतात.

हे काही महिन्यांनी होते किंवा काही वर्षांनीही होते. लहान मुलांत आणि तरुणांत ते लवकर होते. यात शस्त्रक्रिया करणाऱ्याची चूक असतेच असे नाही.

"आमच्या आजोबांना असे कधी झाले नाही," असे काहीजण म्हणतात. ते खरेही आहे. पूर्वी शिबिरांतून भिंग पिशवीसकट काढून टाकत आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. पिशवीच नाही, तर ती गढूळ कुठून होणार? कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवले ते १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी. आपल्याकडे ते घरोघरी पोचायला बरीच वर्षे लागली.

उपाय सोपा आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून 'याग' लेसरने गढूळ पडद्याला मधोमध खिडकी पाडतात. टाका नाही, पट्टी नाही, काही मिनिटांचे काम. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. १९८० च्या सुमारास ही पद्धत आली, त्यापूर्वी पडदा सुईने किंवा पात्याने फाडावा लागे. लेसरनंतर डोळ्यातला दाब काही वेळ वाढू शकतो, म्हणून तो तपासतात. क्वचित मागचा दृष्टिपटल सुटतो. तेव्हा नंतर विजा चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

आता कागदाची गोष्ट. मावशींचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. कारखान्याच्या विम्यात आई-वडील होते. लेसर झाले, नजर आली, पण विम्याचा अर्ज परत आला. जुन्या कागदावरून उतरवताना कोणीतरी निदानाच्या रकान्यात 'एच २५' लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत प्रत्येक आजाराला क्रमांक असतो. तिच्या दहाव्या आवृत्तीत 'एच २५' म्हणजे म्हातारपणाचा मोतीबिंदू. तो तर दोन वर्षांपूर्वीच काढला होता! एकाच डोळ्याचा मोतीबिंदू दोनदा कसा निघेल, असे विमावाल्यांनी विचारले. त्यांचे विचारणे बरोबरच होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या जाळीचा क्रमांक वेगळा आहे, 'एच २६.४'. डोळ्यात कृत्रिम भिंग आहे हे सांगणारा क्रमांक 'झेड ९६.१'. शिवाय या आवृत्तीच्या मूळ क्रमांकात उजवा-डावा कळत नाही, तो अक्षरांत लिहावा लागतो. नेत्रतज्ज्ञांनी दुरुस्त पत्र दिले, त्यात 'उजवा डोळा' आणि पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख घातली, आणि प्रकरण मार्गी लागले. या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, तीत क्रमांकांची रचना वेगळी आहे. म्हणून कागदावर आवृत्ती कोणती तेही पाहावे. आणि क्रमांक काहीही असो, निदान शब्दांत स्पष्ट लिहिलेले असावे.

क्रमांक म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. तो लिहिण्यापूर्वी डॉक्टरला 'नक्की कशामुळे?' हे ठरवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे प्रत्येक धूसर दिसणे जाळीमुळे नसते. बुबुळाची सूज, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला दृष्टिपटल, मधल्या पडद्याची सूज, यांनीही तसेच होते. या प्रत्येकाचा क्रमांक निराळा आणि उपचारही निराळा. सरसकट 'जाळी' म्हटले, तर काचबिंदूचा माणूस लेसर करून घरी जातो आणि उरलेली नजर गमावतो.

वाचकांनी एवढे करावे. शस्त्रक्रियेचा कागद आणि भिंगाचे कार्ड जपून ठेवावे. नजर पुन्हा धूसर झाली तर चष्म्याच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मधुमेह असेल तर तो आधी सांगावा. घरी येण्यापूर्वी कागदावरचे निदान, डोळा आणि तारीख वाचून घ्यावी, समजले नाही तर विचारावे. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर झपाट्याने कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

मावशी परवा आल्या होत्या, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख त्यांनी स्वतः वाचली आणि म्हणाल्या, "ही पुढच्या महिन्यात संपतीया, दुसरं द्या." मी मुकाट्याने दुसरे पाकीट काढून दिले.