यंत्र घेतलंस, आता हात आवर

भाचेबुवा, तुझ्या आईचा फोन आला होता. पहिल्या बोनसमध्ये लोक सोफा घेतात, तू मेटल डिटेक्टर घेतलास म्हणे. घेतलास ते बरं केलंस. इंग्लंडच्या शेतांत जुनी नाणी शोधत माझे गुडघे झिजले, तेव्हा चार गोष्टी ऐकवायचा हक्क मावशीला आहे. यंत्र चालवायला तू आपोआप शिकशील. थांबायचं कधी, ते मी सांगते.

१. आधी शेतकरी, मग शेत. परवानगी लेखीच घे — चहा पिताना दिलेला होकार पुढच्या हंगामात कुणाला आठवत नाही. मालक आणि कसणारा वेगळे असले, तर दोघांनाही विचार.

२. सापडेल त्याची वाटणी कशी, तेही त्याच कागदावर येऊ दे. निम्मं-निम्मं ही इथली रीत — रिकाम्या पिशवीची वाटणी हसतखेळत होते, भरलेल्या पिशवीची वकिलाकडे.

३. निघण्यापूर्वी हिस्टॉरिक इंग्लंडची यादी उघडून पाहा. संरक्षित स्मारकाच्या जागेत त्यांच्या लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे — शेतकऱ्यानं खुशाल हो म्हटलं, तरी त्याचा हो तिथे चालत नाही.

४. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट नकोत — यंत्र दिवसभर तुझ्याच पायांचा शोध लावत बसेल.

५. कापणी झाली की नवी पेरणी व्हायच्या आत जा, आणि आदल्या दिवशी फोन कर — शेतकऱ्याला तुझा छंद चालतो, तुडवलेलं पीक चालत नाही.

६. कॉइल जमिनीला समांतर, बोटभर वर, आणि सावकाश. जमीन सारवताना प्रत्येक हात आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवतात ना, तशी फेरीवर फेरी चढली पाहिजे — टोकाला पोचल्यावर कॉइल झुल्यासारखी वर गेली, की कडेचं सगळं राहून जातं. उरकणाऱ्याला एकर मिळतात, रेंगाळणाऱ्याला नाणी.

७. कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या सापडून सापडून तू वैतागशील. तरी तो आवाज यंत्रात बंद करून टाकू नकोस — सोन्याची बारीक अंगठी आणि ती कडी यंत्राला बरेचदा एकसारखीच ऐकू येते. कडीला कंटाळला तो अंगठीला मुकला.

८. हेडफोन लाव, पण एक कान मोकळा ठेव — कुरणातल्या वासरांना तुझ्याइतकंच कुतूहल असतं, आणि ती घोळक्यानं येतात.

९. गवतात खणताना तीनच बाजू काप, चौथी मुळांसकट राहू दे. माती परत भर, गवत पुन्हा जागेवर बसव, पायानं दाब — उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडतो आणि मग तुझ्यामागून येणाऱ्या सगळ्यांची परवानगी जाते. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेव, लावलेलं दिसलं तर लावून घे.

१०. निघालेला पत्रा, तारा, खिळे घरी ने — पुढच्या वेळी त्याच पत्र्यानं फसायचं नसेल तर. शेतकऱ्यालाही दिसतं की पोरगं नुसतं न्यायला येत नाही.

११. आता जरा नीट बसून ऐक. नांगर जिथवर पोचतो, तिथवरचीच माती तुझी. त्याखालून आवाज येत राहिला, किंवा एका नाण्यामागे दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं निघू लागलं, तर खुरपं खाली ठेव आणि कळव — वरची माती नांगरानं कधीच ढवळली आहे, खालची मात्र कुणीतरी ठेवली तशीच आहे.

१९९२ च्या नोव्हेंबरात सफकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉझ डिटेक्टर घेऊन गेले आणि हाती लागलं रोमन सोनं-चांदी. काही वस्तू वर आल्यावर त्यांनी हात थांबवला आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं येऊन सगळं रीतसर काढून घेऊन गेली. सुमारे १५,००० नाणी, शिवाय दागिने आणि चांदीचे चमचे! लाकडाची पेटी कुजून गेली होती, तरी आत कोणती वस्तू कशाशेजारी होती हे समजलं, आणि तेच त्यातलं खरं धन. लॉझ यांना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, त्यातला वाटा त्यांनी शेतकऱ्याला दिला. आणि हो, हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. संयमाचं इतकं ठणठणीत स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

१२. नाणं हातात आलं की अंगठ्यानं चोळून राजाचा चेहरा बघायचा मोह होईल. चोळू नकोस — मध्ययुगातली हातोड्यानं पाडलेली चांदीची नाणी पातळ असतात आणि मातीतली वाळू त्यांच्यावर कानसेचं काम करते. चिंच, व्हिनेगर, पितांबरी, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं काहीही नको. २००७ मध्ये यॉर्कशरला एका बापलेकांना चांदीचं भांडं सापडलं. त्यांनी ते मातीसकट, आत न कोरता, अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. म्युझियमनं आधी एक्स-रे काढले, मग माती उतरवली, आणि आतून व्हायकिंग काळातली ६१७ नाणी निघाली.

१३. प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, आणि पिशवीवर जीपीएसवरची जागा तिथल्या तिथे लिही — संध्याकाळी गाडीत बसल्यावर सगळी शेतं एकच होतात.

१४. जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरशी ओळख कर आणि बटणं, बकलं, शिशाच्या गोळ्यासुद्धा दाखव. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून असल्या नोंदी ठेवते — तुला टाकाऊ वाटणारी दहा बकलं एका शेतात पडली असतील, तर तिथे वस्ती होती हे कुणाला तरी कळतं.

१५. ३०० वर्षांहून जुनी आणि निदान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा तशी दोन नाणी एकत्र, म्हणजे १९९६ च्या कायद्यानं ‘ट्रेझर’. कोरोनरला १४ दिवसांत कळवायचं — ‘आधी इन्स्टाग्रामवर टाकतो, मग बघू’ असं करशील तर रात्री दुसरेच लोक टॉर्च घेऊन त्या शेतात उतरतील. २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, पण विशेष महत्त्वाची वस्तूही या कायद्यात आली आहे, म्हणून शंका आली की विचारायचं. स्कॉटलंडला निघालास तर हे सगळं विसर. तिथला कायदाच निराळा, आणि एकट्या नाण्याचीही तिथे खबर द्यावी लागते.

१६. लपवायचं तर मनातसुद्धा आणू नकोस. २०१५ मध्ये हेरफर्डशरला दोघांना व्हायकिंग काळातला मोठा ठेवा लागला, तो त्यांनी गुपचूप विकायला काढला आणि २०१९ मध्ये वर्षानुवर्षांची कैद पदरात घेतली — सरळ सांगितलं असतं तर बक्षीस हाती येऊ शकलं असतं. सांगितलेलं सोनं झोपू देतं, लपवलेलं उशीखाली टोचतं.

१७. गंजलेलं, जड, गोलसर काही दिसलं तर हलवू नकोस. खूण करून दूर हो आणि ९९९ लाव — दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब इथल्या मातीत अजून निघतात.

१८. लंडनला मित्रांकडे गेलास की टेम्सची ओहोटी खुणावेल. पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या परवान्याशिवाय तिथे नुसतं शोधत फिरणंही चालत नाही — आणि भरती मागून येते, हेडफोन लावलेल्याला ऐकू येत नाही.

१९. दिवाळीला घरी जाशील तेव्हा हे यंत्र इथेच माळ्यावर ठेव. पावसाळ्यानंतर गडावर शिवराई सापडते अशा गप्पा तुझे मित्र मारतील, पण संरक्षित गडांवर खणायला बंदी आहे; आणि १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं १० रुपयांवरचं धन कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शिवराई हवीच असेल तर जाणत्या नाणेसंग्राहकाला सोबत घेऊन विकत घे — बाजारात नकली फार. आणि ती आजीच्या कपाटातच ठेवून ये. १०० वर्षांवरचं नाणं देशाबाहेर आणता येत नाही, मावशीला दाखवायलासुद्धा.