उंची पेट्रोल

अमेरिकेतील पेट्रोलपंपांवर ८७, ८९, ९३ असे आकडे लिहिलेले आढळतात. आकडा वाढला, की किंमतही वाढते. महाग पेट्रोलाने आपली मोटार अधिक जोमाने धावेल, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत कितपत खरी आहे?

हा आकडा पेट्रोलातील शक्तीचा नव्हे. तो त्याचा ऑक्टेन-अंक होय. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व ठिणगीने पेटते. दाब फार झाला, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो. मग इंजिनात ठकठक आवाज होतो आणि कालांतराने त्यास इजा पोहोचते. अधिक ऑक्टेन-अंकाचे पेट्रोल असे सहजी भडकत नाही. म्हणून अधिक दाबाच्या इंजिनास ते आवश्यक असते; साध्या इंजिनास त्याची गरज नसते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली साध्या पेट्रोलावर चालणाऱ्या मोटारींत उंची पेट्रोल घालून पाहिले. त्यांची शक्ती विशेष वाढली नाही, की इंधनाची बचतही झाली नाही.

तात्पर्य, मोटारीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच पेट्रोल वापरावे. वस्तूची निवड तिच्या किमतीवरून नव्हे, तर आपल्या गरजेवरून करावी.