डिकीतली बाटली

कराड

चि. समीर,

काल अक्काचा फोन आला होता. कुंभार्ली घाटात तुझी गाडी पेट्रोल संपून उभी राहिली आणि सूनबाई पोरीला घेऊन कठड्यावर बसली होती, हे तिला पोफळीच्या कुणीतरी सांगितलं. तू सांगितलं नाहीस. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आता काळजी नाही रे, तो डिकीत दोन बाटल्या भरून ठेवतो." तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

अरे, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल? आणि डिकीच्या पुढच्याच सीटवर लेक? चिपळूणच्या मे महिन्यात बंद डिकी किती तापते ते तुला मी सांगावं? बाटली फुगते, झाकणातून वाफ सुटते. ती हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरते. बाटलीत पेट्रोल मिळणार नाही असा बोर्ड पंपावर असतो ना? तुला देणारा कोण महाभाग, ते एकदा कळव.

बाटली लागते कशाला, तर काटा खोटं बोलतो म्हणून. टाकी रिकामी झाली तरी अर्ध्यावर उभा, असं तू दिवाळीत हसत सांगितलं होतंस. तिकडच्या मेकॅनिकनं अख्खा मीटर बदलायला सांगितलंय म्हणे. थांब. आधी उष्णतेचा काटा बघ. दोन्ही काटे एकदमच बिघडले असते तर फ्यूज किंवा मीटरचा करंट बघावा लागला असता. तुझा तो नीट आहे. मग चावी बंद कर. पेट्रोलचा काटा खाली येत असेल तर तो मीटरात अडकलेला नाही. अर्थिंग गंजलं असतं तर तुझ्या मारुती आठशेत काट्यानं असेल त्यापेक्षा कमी दाखवलं असतं. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटला भोक पडून तो बुडाला असता तर कायम रिकामी दाखवली असती. तुझा जास्त दाखवतो. म्हणून माझा संशय फ्लोटच्या दांडीवर आहे. वाकून टाकीच्या भिंतीला घासत असेल, नाहीतर सांध्यात गंजून मध्येच अडकत असेल.

खात्री करायला टाकीजवळचा कपलर काढून वायरीतून छोट्या टेस्ट लॅम्पनं अर्थ द्यायचा. काटा भरल्याच्या बाजूला चढला, की मीटर आणि वायर दोन्ही चांगले. मग फ्लोट बाहेर काढायचा, मल्टीमीटर लावून दांडी हातानं सावकाश वरखाली करायची. आकडा सरळ बदलत गेला पाहिजे. मध्ये उडी मारली तर आतली पट्टी झिजली समजायचं आणि नवा युनिट टाकायचा, नव्या पॅकिंगसकट. काम अवघड नाही. पण मोबाइलवर बघून हे तू घरी करायचं नाहीस. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, आत सगळी वाफच असते. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय आणि उघडी हवा असल्याशिवाय मीसुद्धा ती उघडत नाही.

हे शहाणपण उशिरा आलं म्हण. तुझ्या वयाचे असताना आम्ही नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचो, ग्रीसचे हात पेट्रोलनं धुवायचो, त्यातच मर्दुमकी. आमच्या उस्तादांच्या हाताची कातडी शेवटपर्यंत सोललेली असायची, ती बघूनही अक्कल आली नाही. तुला सुट्टीत गॅरेजातून हाकलायचो ते त्यामुळेच. अक्काला तुला साहेब करायचं होतं, आणि मला तुझे हात स्वच्छ ठेवायचे होते. चांगलं केलं की वाईट, देव जाणे. एखादा मे महिना तुला शेजारी बसवून घेतलं असतं तर आज त्या बाटल्या तू भरल्या नसत्यास.

बाटल्यांचं विसरू नकोस. घरात नको, अंगणात ओतायच्या नाहीत, गटारात तर मुळीच नाही. पंपावर नेऊन माणसाला विचारून, इंजिन बंद ठेवून टाकीत घाल. आणि काटा दुरुस्त होईपर्यंत टाकी भरली की किलोमीटरचा आकडा वहीत लिही. अडीचशे झाले की पुन्हा पंप गाठायचा. टाकी कोरडी करून चालवू नकोस. तुझ्या गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच बुडालेला असतो, पेट्रोलनंच थंड राहतो. तो गेला तर फ्लोटच्या कितीतरी पट खर्च.

जरा जास्तच बोललो. घाटात तू धडपडत होतास, तेव्हा फोन मलाच करायला हवा होतास, एवढंच खरं तर लागलंय. रात्री दोनला केला असतास तरी आलो असतो. काय बोललो असतो ते आल्यावर.

रविवारी तिघंही या. मामी पुरणपोळीचं म्हणतेय. पोरीला जुना एखादा मीटर खेळायला देईन, फ्लोट वरखाली केला की काटा कसा हलतो ते तिला दाखवू. तिला कुणी हाकलणार नाही. निघताना चिपळूणलाच टाकी भर, पैसे माझ्याकडून. पोफळीला एक फोन कर आणि हेळवाकला वर आलास की दुसरा. अक्काला हे पत्र दाखवू नकोस.

तुझा
मामा