विकिपीडिया वाचायचा की नाही?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. प्रकल्पाचा विषय 1972चा दुष्काळ. बाई म्हणतात, विकिपीडिया चालणार नाही. मग इंटरनेट बंदच ठेवायचं का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : अजिबात नाही. विकिपीडिया तिला वाचू द्या, फक्त तिथेच थांबू देऊ नका. लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ तिने स्वतः उघडून पाहावेत. मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट आहेत. ‘शोधगंगा’वर विद्यापीठांचे प्रबंधही मिळतात, नववीला ते जड जातील, प्रस्तावना वाचली तरी पुरे.

खरा खजिना मात्र गावातच. त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडलेले आजी-आजोबा भेटतील. त्यांच्याशी बोलावं, पण सन आणि आकडे छापील नोंदींशी ताडून घ्यावेत.

एआयने पुस्तक सुचवलं, तर ते ग्रंथालयात खरंच आहे का, हे आधी बघा. नसलेली पुस्तकंही ते बिनदिक्कत सांगतं!