टपालातील कचरा आणि कामाचे पत्र
थंडरबर्डला निवड कशी शिकवावी?

कापडाच्या कारोबारात आज भावाची चौकशी, ऑर्डर, बिल आणि बिल्टीची नक्कल ई-मेलने येते. मोबाईलवर बोलणे झाले तरी परगावचा किंवा परदेशचा गिऱ्हाईक लेखी चौकशी ई-मेलनेच करतो. परंतु त्याच टपालात लॉटरी लागल्याची, झटपट कर्जाची आणि नामांकित औषधांची बिनबोलावलेली पत्रेही येऊन पडतात. त्यांना 'स्पॅम' किंवा 'जंक' म्हणतात. ही बला नवी नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठविली होती. तिलाच पहिला स्पॅम मानले जाते.

कचरा निवडण्यात वेळ जातो, हे त्यातले लहान नुकसान. मोठी नुकसाने दोन आहेत. एक, गिऱ्हाइकाचे खरे पत्र कचऱ्यात जाणे. दोन, कचऱ्यातले पत्र खरे समजून रक्कम पाठविली जाणे. चाळणी लावताना या दोन्हींचा विचार हवा.

पेढीच्या संगणकासाठी मोझिला परिवारातील 'थंडरबर्ड' हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यात शिकणारी चाळणी आहे. तिच्यामागील गणित इंग्लंडचे पाद्री थॉमस बेझ यांचे असून त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅमसाठी ही पद्धत लोकप्रिय केली ती पॉल ग्रॅहॅम यांच्या ऑगस्ट २००२ मधील लेखाने.

हिशेब सोपा आहे. एखादा शब्द तुमच्या जंक पत्रांत किती वेळा येतो आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, हे चाळणी मोजते. 'लॉटरी' हा शब्द केवळ जंकमध्ये सापडतो. 'रीड', 'पिक', 'काउंट', 'ग्रे' हे शब्द केवळ कामाच्या पत्रांत. नवे पत्र आले की त्यातील सर्व शब्दांची गोळाबेरीज करून ती निकाल देते. 'ऑफर', 'डिस्काउंट', 'पेमेंट' हे शब्द नोकरदाराच्या टपालात संशयास्पद ठरतील, पण आपल्या पेढीत ते रोजचेच आहेत. म्हणून दुसऱ्याच्या अक्कलेवर चालणाऱ्या चाळणीपेक्षा आपल्या टपालावर शिकलेली चाळणी व्यापाऱ्याला उपयोगी पडते.

ती लावण्याची रीत अशी :

१) कोपऱ्यातील तीन रेघांच्या खुणेवर दाबून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. आपल्या खात्याच्या नावाखाली 'जंक सेटिंग्ज' आहे. तेथे त्या खात्यासाठी 'अडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्स' चालू असल्याची खूण पाहा. पेढीची दोन खाती असतील तर दोन्हींकडे पाहावे.

२) त्याच पानावर पत्ते-वहीची यादी दिसते. ज्या वहीवर खूण कराल, त्या वहीतील पत्त्यांवरून आलेले पत्र आपोआप जंक ठरत नाही. जुने गिऱ्हाईक, दलाल, गिरणी, ट्रान्सपोर्टवाले, हिशेबनीस यांचे पत्ते वहीत भरून घ्यावेत. मात्र आपला स्वतःचा पत्ता वहीत ठेवू नये, कारण लबाड लोक पुष्कळदा आपलाच पत्ता पाठविणारा म्हणून लावतात आणि असे पत्र चाळणीतून सुटते.

३) 'नवे जंक पत्र जंक फोल्डरमध्ये हलवा' या अर्थाच्या ओळीवर खूण करा. त्याखालीच ठराविक दिवसांनी जंक आपोआप पुसण्याची सोय आहे. ती लावायचीच असेल तर ३० दिवसांपेक्षा कमी मुदत ठेवू नये.

४) आता तालीम. जंक पत्र निवडून 'जे' ही कळ दाबली की ते जंक म्हणून नोंदले जाते. शिफ्टसह 'जे' दाबले की ते चांगले म्हणून नोंदले जाते. बहुतेक जण केवळ जंक दाखवितात आणि येथेच चाळणी बिघडते. तिला चांगली पत्रेही दाखवावी लागतात. नाहीतर तिच्या वहीत एकच बाजू भरते आणि पुढे कामाची पत्रेही कचऱ्यात पडू लागतात. पहिले काही आठवडे दोन्ही प्रकारची पत्रे रोज दाखवीत राहावे.

५) चाळणी फारच चुकू लागली तर 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात तालीम पुसून नव्याने सुरू करण्याची सोय आहे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. नव्या गिऱ्हाइकाचे पहिले पत्र जंकमध्ये जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याचा पत्ता वहीत नसतो आणि शब्दही ओळखीचे नसतात. म्हणून दुकान उघडल्यावर जंक फोल्डर एकदा नजरेखालून घालावा. दोन मिनिटांचे काम आहे. त्यात एखादी ऑर्डर वाचू शकते.

पॉप पद्धतीने टपाल उतरविणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. या पद्धतीत केवळ इनबॉक्स खाली उतरतो. सेवा देणाऱ्या कंपनीने तिकडेच स्पॅममध्ये टाकलेले पत्र थंडरबर्डमध्ये दिसतच नाही. जीमेल तर स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी पुसून टाकते. तेव्हा आठवड्यातून दोनदा ब्राउझरमधून तेथील फोल्डर पाहावा किंवा आयमॅप पद्धत घ्यावी. तीत सर्व फोल्डर दिसतात.

पत्रातील बाहेरून येणारी चित्रे थंडरबर्ड आपणहून रोखून धरतो. ती रोख उठवू नये. चित्र उघडताच पाठविणाऱ्याला समजते की हा पत्ता चालू आहे. अनोळखी जंक पत्रातील 'नाव काढा' या दुव्यावर दाबल्यानेही तेच होते.

आता चाळणीची मर्यादा. ज्या पत्राने सर्वाधिक रक्कम बुडते, ते पत्र बहुधा चाळणीत अडकतच नाही. सुताच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र येते, बिल नंबर बरोबर, भाषा नेहमीची आणि शेवटी एक ओळ : आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. त्यातले सर्व शब्द आपल्याच धंद्याचे असल्याने चाळणी ते चांगलेच ठरविते. पत्त्यात एखाद्या अक्षराचा फरक असतो किंवा समोरच्याचे खातेच चोरांच्या हाती गेलेले असते. येथे माणसाचीच तहकीक कामाची. बँक खाते बदलल्याचे पत्र आले की, त्या पत्रातील नंबरवर नव्हे तर आपल्या वहीतील जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी आणि मगच रक्कम सोडावी. हा नियम मुनीम, मुलगा, भागीदार सर्वांना सारखा असावा. रक्कम गेलीच तर वेळ न घालविता बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते थोपविण्याची आशा राहते.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची तहकीक करण्याची ताकीद आहे आणि त्याच सूरहमध्ये बदगुमानीपासूनही रोखले आहे. व्यापाऱ्याला दोन्ही बाजू सांभाळावयाच्या आहेत. संशयापोटी नव्या गिऱ्हाइकाचे पत्र फेकून देऊ नये आणि विश्वासापोटी दुसऱ्याची अमानत असलेली रक्कम भलत्याच्या हाती जाऊ देऊ नये. चाळणी लावण्यास अर्धा तास पुरतो. या आठवड्यात तेवढा वेळ काढावा आणि पेढीवर टपाल पाहणाऱ्या प्रत्येकाला शेजारी बसवून हे काम करावे.